कडी-कोयंडा

दहावीच्या मराठीत बातमीलेखनाचा प्रश्न असतो. सरावासाठी मी फळ्यावर मथळा लिहिते आणि मुलं खाली बातमी तयार करतात. वृक्षारोपण, रक्तदान शिबिर, क्रीडा स्पर्धा या विषयांवर आमची उर्दू माध्यमाची मुलं दोन ओळींत थांबतात. पण मथळा 'शहरात घरफोडी' असला की सगळ्या वर्गाची पेनं एकदम चालू लागतात. 'कुलूपबंद घराचा कडी-कोयंडा तोडून अज्ञात चोरट्यांनी कपाटातील सोन्याचे दागिने व रोख रकमेसह ऐवज लंपास केला. घरमालक लग्नानिमित्त बाहेरगावी गेले होते. पुढील तपास पोलीस करीत आहेत.' घरी मराठीचा एक शब्दही न बोलणारी मुलगीसुद्धा 'ऐवज' आणि 'लंपास' बिनचूक लिहिते. ('ऐवज' हा आपल्या उर्दूतल्या 'इवज'चाच मराठी भाऊ, हे मी दरवर्षी सांगते. मुलं दरवर्षी विसरतात.)

या साच्यात घरफोडीचं निम्मं गणित येऊन जातं. घराला कुलूप होतं, म्हणजे आत माणूस नव्हतं. दागिने कपाटात होते, म्हणजे बँकेच्या लॉकरमध्ये नव्हते. राहता राहिला 'अज्ञात'. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पाठोपाठ दोन घरं फुटली, तेव्हापासून या अज्ञाताच्या जागी कोणाचं तरी नाव भरायची जो-तो घाई करतो आहे. 'आजकाल चोऱ्या फार वाढल्या' हे वाक्यही तेव्हापासून रोज ऐकते. खरंच वाढल्या का, आणि वाढल्या तर कुठे, हे पाहायला मी आकड्यांकडे वळले.

देशभरातल्या गुन्ह्यांचे तक्ते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, छापतो. हा विभाग १९८६ चा, पण 'क्राइम इन इंडिया' हा वार्षिक अहवाल १९५३ पासून निघतो आहे. राज्याचा वेगळा अहवाल पुण्याहून सीआयडी काढते. त्यात गुन्ह्याचा दर लाख लोकांमागे दिलेला असतो, आणि दोन जिल्ह्यांची तुलना करायची तर तोच पाहायचा, असं आपण शिकतो. पण आमचे दोन जिल्हे शेजारी ठेवून बघा. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूरची लोकसंख्या २२ लाख ४ हजार होती, गडचिरोलीची १० लाख ७३ हजार. क्षेत्रफळात मात्र गडचिरोली मोठा. चंद्रपुरात एका चौरस किलोमीटरमध्ये १९३ माणसं, गडचिरोलीत ७४. गडचिरोलीत वर्षाला दहा घरफोड्या जास्त नोंदल्या गेल्या की दर जवळजवळ एकाने वर जातो. त्याच दहांनी चंद्रपूरचा दर अर्ध्यानेही हलत नाही. एखादी टोळी आठ दिवस एका तालुक्यात फिरली, तरी छोट्या जिल्ह्याची 'टक्केवारी वाढली' असा मथळा होतो.

शिवाय एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी तक्त्यात त्यातला सगळ्यात गंभीर गुन्हाच मोजतात. चोर घरात शिरला, म्हातारा जागा झाला, झटापटीत त्याचा जीव गेला, तर ते प्रकरण खुनाच्या रकान्यात जातं, घरफोडीच्या नाही.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते घरफोडीच्या व्याख्येनं. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं ४४५ वं कलम वाचा. एखाद्या गोष्टीच्या पुस्तकासारखं आहे. भिंतीला भोक पाडून नुसता हात आत घातला तरी ती घरफोडी. खिडकीतून शिरला, घरफोडी. मालकाची हरवलेली किल्ली सापडली आणि त्या किल्लीनं दार उघडून शिरला, तरी घरफोडी. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केली तर ती रात्रीची, तिला शिक्षा जास्त. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, ४५४ आणि ४५७ ची कलमं आता ३३१ मध्ये गेली, घरातल्या चोरीचं ३८० आता ३०५ झालं, पण व्याख्येचा गाभा तोच आहे. माझे आजोबा राजुऱ्याचे. राजुरा तेव्हा निझामाच्या राज्यात, सरकारी कामकाज उर्दूत. ते घरफोडीला 'नकब लगी' म्हणायचे. नकब म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक. मध्य प्रदेश आणि राजस्थानचे पोलीस आजही 'नकबजनी' लिहितात. भिंती मातीच्या होत्या तेव्हाचा हा शब्द आहे. मराठीनं 'फोडी' म्हटलं, उर्दूनं 'नकब', कायद्यानं दोन्ही धरून ठेवलं.

यातल्या बहुतेक प्रकारांत एक गोष्ट समान आहे. काहीतरी बंद असतं. उघड्या दारातून कोणी आत आला आणि पितळेचा हंडा घेऊन गेला, तर ती घरातली चोरी झाली, घरफोडी नव्हे. ती दुसऱ्या रकान्यात जाते.

लग्नानंतरची पहिली चार वर्षं मी अहेरीला होते. तिथून भामरागड-एटापल्लीच्या रस्त्याला लागलं की घरांचं रूप बदलत जातं. कुडाच्या भिंती, वर कवेलू नाहीतर गवत, आणि दाराला बांबूची ताटी. बाजारच्या दिवशी अख्खं घर बाहेर पडतं तेव्हा ताटी नुसती लोटून ठेवतात. मी एका बाईला विचारलं होतं, बांधत का नाही? ती म्हणाली, बकऱ्या शिरू नयेत एवढ्यापुरतीच आहे. अशा घरातून काही गेलंच तर ते घरफोडीच्या तक्त्यात येणार कसं? आधी कुलूप हवं, मग फोडणं. गडचिरोलीचे आकडे कमी दिसले की कोणी म्हणतं आदिवासी भोळे, कोणी म्हणतं पोलिसांचा दरारा. मला वाटतं, आधी कुलपं मोजा.

आणि नोंद करायला जाणार कुठे? १९८२ च्या २६ ऑगस्टला चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा, बारा तालुके, मधे नद्या आणि जंगल. कित्येक गावांना सगळ्यात जवळचं म्हणजे एखादं पोलीस मदत केंद्र, आणि नक्षलवादाच्या वर्षांत त्याच्याभोवती तारांचं कुंपण आणि वाळूची पोती. हंडा गेला म्हणून तिथे कोण चढून जाईल? गावात गोटा जमतो, पाटील-भूमिया बसतात, वस्तू परत येते किंवा दंड होतो. अलीकडे गडचिरोली पोलिसांनी 'दादालोरा खिडकी' सुरू केली आहे. थोरल्या भावाची खिडकी. दाखले, योजनांचे अर्ज तिथे भरून मिळतात. (आमच्या चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या, त्यातल्या एकीचं नाव चोर खिडकी. एका जिल्ह्यात चोराची खिडकी, दुसऱ्यात पोलिसाची.) दाखल्यासाठी लोकांचे पाय त्या खिडकीकडे वळायला लागले की उद्या चोरीची तक्रारही तिथे पोचेल. मग गडचिरोलीचा आकडा वाढेल, आणि कोणीतरी लिहील की शांत जिल्हा बिघडला.

हा माझा तर्क नाही, एनसीआरबी स्वतःच अहवालात बजावते: गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिल्लीत चोरीची तक्रार ऑनलाइन घेऊ लागले आणि तिथले चोरीचे आकडे फुगले. त्या वर्षी दिल्लीत चोर जास्त जन्माला आले असं नाही.

कुलूप फोडायलाही न लागणारा एक घरफोड्या मात्र गडचिरोलीत आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात शिरला. घरात साठवलेला धान आणि मोहफुलाचा वास त्यांना लागतो, मग भिंत पाडूनच आत येतात. धानोरा-कुरखेड्याकडच्या लोकांनी हे सोसलं आहे. घर शब्दशः फोडलं जातं, वर्षाचं धान्य जातं, आणि त्याचा पंचनामा वनविभाग करतो. पोलिसांच्या तक्त्यात त्याला जागा नाही. चंद्रपूरला हत्तीची जागा बिबट्यानं घेतली आहे. दुर्गापूर-ऊर्जानगरच्या लोकांना अंधारात दाराबाहेर पडायची भीती चोरामुळे नाही.

चंद्रपूरचं कुलूप मात्र वेगळं. कोळशाच्या खाणी, महाऔष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना, गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने. या सगळ्यांनी बाहेरगावचा माणूस आणला, क्वार्टर दिलं, महिन्याच्या ठरलेल्या दिवशी पगार दिला. नवरा रात्रपाळीला, बायको-मुलं सुटीत गावी, क्वार्टरला कुलूप. शेजारी नवीनच बदलून आलेला, त्याला तुमचं नावही माहीत नाही. असं घर फोडायला धाडस लागत नाही, नुसती माहिती लागते. बल्लारशाहवरून दिवसरात्र गाड्या उत्तरेला आणि दक्षिणेला जातात, म्हणून शहरात जो-तो बाहेरच्या टोळ्यांकडे बोट दाखवतो. असतीलही. पण कुठल्या क्वार्टरचा साहेब रजेवर गेला हे बाहेरच्याला कोणीतरी सांगावं लागतं.

आणि आमचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर. ज्यांना गच्ची आहे ते गच्चीवर झोपतात, खाली घर मोकळं. बाकीचे कूलरसमोर. मोठा डेझर्ट कूलर खिडकीत बसवायचा तर ग्रील कापावी लागते, आणि ऑक्टोबरात कूलर उतरवला तरी ती ग्रील परत वेल्ड करायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. वरून कूलरचा आवाज असा, की शेजारच्या खोलीत कपाट तोडलं तरी कळू नये. आमच्या गल्लीतलं पहिलं घर त्याच खिडकीतून फुटलं. घरातली पाच माणसं घरातच झोपलेली होती.

२०१५ च्या १ एप्रिलपासून २०२१ पर्यंत जिल्ह्यात दारूबंदी होती. तेव्हा चोऱ्या कमी होत्या असं बंदीवाले म्हणतात, जास्त होत्या असं विरोधक म्हणतात. मधे २०२० चं टाळेबंदीचं वर्ष येऊन गेलं. त्या वर्षी देशभरच चोऱ्या-घरफोड्या खाली आल्या, कारण सगळे घरात होते. बंदीचं पुण्य कुठे संपलं आणि टाळेबंदीचं कुठे सुरू झालं, हा हिशेब मी तरी करणार नाही.

आपल्या मोहल्ल्यांचं थोडं स्पष्ट बोलते. आपण घर रिकामं असल्याची जाहिरात करतो. कोणी हजला निघालं की चौकात फ्लेक्स लागतो. फोटो, नाव, मुबारकबाद, निघायची तारीख. हार घालायला अख्खा वॉर्ड येतो. चाळीस दिवस हे घर बंद राहणार हे जटपुरा गेटपासून पठाणपुऱ्यापर्यंत माहीत. लग्नाच्या वऱ्हाडाचंही तेच. उलट रमजानात गल्ली रात्रभर जागी असते, सहरीपर्यंत दिवे चालू, मुलं रस्त्यावर. त्या महिन्यात आमच्याकडे रात्रीची चोरी झाल्याचं मला तरी आठवत नाही.

२०२२ च्या जुलैत इरईला पूर आला, रहमतनगरात पाणी शिरलं, तेव्हा कित्येक घरांतला एक तरी पुरुष माळ्यावर नाहीतर छतावर बसून राहिला. बचावाची बोट आली तरी उतरेना. म्हणे, पाणी उतरेल, पण मागे घर कोण बघणार? चोरीची भीती काय असते हे तक्त्यातल्या दरावरून कळत नाही, त्या छतावरच्या माणसावरून कळतं.

आता दुसऱ्या घराचं. ते आमच्या खालांचं. सख्ख्या नव्हेत, पण सगळा मोहल्ला त्यांना खालाच म्हणतो. मुलीच्या बाळंतपणाला आदिलाबादला गेल्या होत्या. परत आल्या तर कोयंडा लोंबत होता. लच्छा, दोन बांगड्या, झुमके, मिळून चार तोळे. त्या पोलीस ठाण्यात गेल्या तर समोरचा म्हणाला, दागिन्यांची बिलं घेऊन या, मग बघू. खाला घरी येऊन मला म्हणाल्या, "बेटी, बिल कहाँ से लाऊँ? अम्मी ने दिए थे, अम्मी को उनकी अम्मी ने." आणि गप्प बसल्या. आपल्या घरांतलं किती सोनं बिलाचं असतं? आईकडून मुलीकडे आलेलं, मोडून पुन्हा घडवलेलं, नात्यातल्या सोनाराकडचं. तक्रार घ्यायला बिल लागतं असं कुठल्याही कायद्यात नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगून ठेवलं आहे. पण खालांना हे कोण सांगणार? त्यांचं घर कोणत्याच तक्त्यात गेलं नाही.

गंमत अशी की तक्रार नोंदली नाही तरी संशय मात्र सुरू झाला. माझा एक जुना विद्यार्थी आहे, एकवीस-बावीसचा, भंगारच्या गोदामात कामाला. हातगाडी घेऊन गल्लोगल्ली फिरतो, म्हणजे सगळी घरं त्याला माहीत, एवढाच त्याचा गुन्हा. वॉर्डात काही झालं की त्याला फोन येतो, येऊन जा. दिवसभर बाकावर बसवून ठेवतात, संध्याकाळी सोडतात, त्या दिवसाची मजुरी जाते. मला म्हणाला, "मॅडम, चोरी कोणाच्याही घरी होऊ दे, हजेरी माझीच लागते." त्याच्यावर आजवर एकही गुन्हा नाही. पण मोहल्ल्यातल्याच दोघा-तिघांनी त्याचं नाव पुढे केलं होतं. आपल्यातल्याच. हे मला पोलिसांपेक्षा जास्त लागलं.

असा संशय या देशात एकेकाळी कायदाच होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणूस जन्मतःच चोर ठरत असे, त्याची ठाण्यात हजेरी लागे. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार जाडजूड खंड काढले. आमचा चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात. कोणत्या जातीचे लोक भिंतीला भोक कसं पाडतात, कोणती हत्यारं वापरतात, हे त्यात शेती-लग्नाच्या रीतींसारखंच नोंदवलेलं आहे. १९५२ च्या ३१ ऑगस्टला तो कायदा गेला. पारध्यांना विचारा, खरंच गेला का. आता त्या यादीत हातगाडीवाला, फेरीवाला, भंगारवाला शिरतो आहे, आणि त्यातला बराच माणूस आपल्या मोहल्ल्यातला आहे.

इंग्लंडमध्ये रोचडेल शहरात कर्कहोल्ट नावाची वसाहत आहे. १९८५ च्या सुमारास तिथे घरफोड्यांचा सुळसुळाट होता. अभ्यास करणारे लोक फुटलेल्या घरांतल्या माणसांशी बोलले, शेजाऱ्यांशी बोलले, पकडलेल्या चोरांशीही बोलले. तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. घरोघरी गॅस-विजेचे नाणी टाकायचे मीटर होते, म्हणजे प्रत्येक घरात चोरासाठी रोकड तयार. आणि एकदा फुटलेलं घर थोड्याच दिवसांत पुन्हा फुटायचं. त्यांनी मीटर काढायला लावले, आणि फुटलेल्या घराच्या भोवतालच्या पाच-सहा घरांना सांगितलं, तुम्ही याच्यावर नजर ठेवा. तीन वर्षांत घरफोड्या पाऊणहिश्शानं उतरल्या. कोणाची जात, कोणाचा धंदा, कोणाची हजेरी, यातलं काही लागलं नाही.

आमच्या गल्लीतल्या बायकांच्या बैठकीत मी हेच सांगितलं. आपले नाण्यांचे मीटर कोणते ते शोधा. कापलेल्या ग्रिली वेल्ड करून घ्या. सोन्याचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. फ्लेक्सवर मुबारकबाद द्या, तारीख देऊ नका. आणि मुलांच्या आयांना वेगळं सांगितलं की फोनवरच्या बोलावण्याला जायचं नाही, लेखी नोटीस मागायची. साक्षीला बोलवायचं तरी लेखी हुकूम लागतो. पंधरा वर्षांखालच्या मुलाला, साठीवरच्या पुरुषाला आणि बाईला तर राहत्या घरीच विचारावं लागतं. जुन्या कायद्यात हे १६० वं कलम होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १७९ वं. दोघींनी वहीत लिहून घेतलं. एक जण म्हणाली, नोटीस मागितली तर आणखी मारतील. तिचं खोटं नव्हतं. म्हणून ठरलं की मागायला एकटं मुलगं जाणार नाही, सोबत दोन मोठी माणसं जातील.

एकोणीस दिवसांनी खाला तयार झाल्या. अर्ज मराठीत मी लिहिला, दागिन्यांचं वर्णन त्यांनी सांगितलं. झुमक्यांतला एक मोती उडालेला होता, तेही लिहून घ्यायला लावलं. ठाण्यात आम्ही चौघी गेलो. या वेळी बिलाचा विषय निघाला नाही. लिहून घेणाऱ्यानं विचारलं, संशय कोणावर? आमच्या मागे उभ्या असलेल्या एका शेजाऱ्यानं घसा खाकरला. खालांनी मान न वळवता सांगितलं, "लिखो, किसी पर नहीं."

एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घेतली. दागिन्यांचा अजून पत्ता नाही.